दुखणेकऱ्याची खाट आणि घरची चूल

घरांत मोठें दुखणें आलें म्हणजे वैद्य एका प्रश्नाचें उत्तर देतो : रोगी बरा कसा होईल ? परंतु त्या घराला त्याच घटकेस दुसराहि एक प्रश्न पडलेला असतो, आणि तो मोठ्यानें विचारण्याचा धीर बहुधा कोणाला होत नाहीं. रोगी बरा होईपर्यंत घर कसें चालेल ? दुखणेकरी जर घरांतला मिळवता बाप असेल, तर महिन्याच्या पहिल्या तारखेला पैसा कोठून यावयाचा ? आई असेल, तर सकाळीं चूल कोणीं पेटवावयाची, धाकट्याला अंघोळ कोणीं घालावयाची, थोरल्याचा शाळेचा डबा कोणीं भरावयाचा ? पहिल्या प्रश्नाचा इतिहास वैद्यकाच्या ग्रंथांतून विस्तारानें लिहिलेला आहे. दुसऱ्या प्रश्नाचाहि इतिहास आहे. तो मात्र देशोदेशीं तुकड्यातुकड्यांनीं विखुरलेला आहे. ते तुकडे आज आपल्यापुढें जुळवून मांडावे, असा माझा विचार आहे.

मोठीं दुखणीं पुष्कळ आहेत. परंतु आजच्या भाषणापुरती मी क्षयाची निवड केली आहे. हा रोग बहुधा भर संसाराच्या वयांत माणसाला गांठतो, महिनेच्या महिने अंथरुणाला खिळवून ठेवतो, आणि जवळ येईल त्याला लागण्याचें भयहि दाखवतो. आईबापांना आधाराची गरज सर्वांत अधिक असते, नेमक्या त्याच वेळीं आधार देणारा हात भीतीनें मागें सरतो. म्हणून कुटुंबाच्या आधाराचा प्रश्न जगाला प्रथम ह्याच रोगानें निकरानें विचारला, आणि त्याचीं निरनिराळीं उत्तरेंहि ह्याच रोगाच्या निमित्तानें शोधलीं गेलीं.

२४ मार्च १८८२ रोजीं बर्लिन शहरीं रॉबर्ट कॉखनें क्षयाचा जंतु सांपडल्याचें जाहीर केलें. शत्रु कोण हें कळलें. पण त्याला मारणारें औषध हातीं येण्यास पुढें सुमारें साठ वर्षें जावीं लागलीं. तोंपर्यंत वैद्यांजवळ मुख्यतः तीन उपाय होते : विश्रांति, मोकळी हवा आणि सकस अन्न. हे तिन्ही एकत्र मिळावे म्हणून गांवाबाहेर, डोंगरमाथ्यावर आरोग्यधामें उभीं राहिलीं. आपल्या देशांत अजमेरजवळ तिलोनिया येथें १९०६ सालीं असें पहिलें धाम निघालें. १९१२ सालीं डॉ. बिलिमोरिया ह्यांनीं पांचगणीस, आणि १९१५ सालीं ख्रिस्ती मिशनांनीं मिळून मदनपल्लीस आरोग्यधामें उघडलीं. मिरजेजवळच्या वानलेसवाडीचें नांव तर महाराष्ट्रांत घरोघर ठाऊक झालें.

रोग्याला थंड हवेच्या ठिकाणीं न्या, सहा महिने, वर्षभर तेथें ठेवा, हा सल्ला त्या काळाच्या ज्ञानाप्रमाणें योग्यच होता. पण तो पाळावयाचा कोणीं आणि कशाच्या बळावर ? ज्यांच्या घरीं पैशाची वाण नव्हती, त्यांचेंहि घर ह्या दुखण्यानें कसें विस्कटून जाई, ह्याचें उदाहरण सर्वांच्या परिचयाचें आहे. १९३४ सालच्या अखेरीस कमला नेहरू भोवालीच्या आरोग्यधामांत होत्या, पति जवाहरलाल जवळच अलमोड्याच्या तुरुंगांत होते, आणि एकुलती एक मुलगी इंदिरा शांतिनिकेतनांत शिकत होती. एका कुटुंबाचीं तीन माणसें तीन ठिकाणीं. २८ फेब्रुवारी १९३६ रोजीं परदेशांत, स्वित्झर्लंडमध्यें, कमलाबाईंचा अंत झाला. जेथें पैसा होता, माणसें होतीं, नांव होतें, तेथें ही अवस्था. मग परळच्या चाळींत एका खोलींत राहणाऱ्या गिरणीकामगाराला डॉक्टरांनीं हाच सल्ला दिला असतां त्याच्या बायकोच्या मनांत काय आलें असेल, ह्याची कल्पना आपणच करावी.

ह्या दुसऱ्या प्रश्नाकडे कायद्याची नजर प्रथम वळली ती जर्मनींत. १८८३ सालीं, बिस्मार्कच्या कारकीर्दींत, कामगारांच्या आजाराच्या विम्याचा कायदा झाला. आजारी कामगाराला मजुरीच्या सुमारें निम्मी रक्कम तेरा आठवडेपर्यंत मिळावी, अशी त्यांत तरतूद होती. परंतु त्या कायद्यांत आणखी एक लहानसें कलम होतें, आणि आजच्या विषयाच्या दृष्टीनें तेंच महत्त्वाचें आहे. कामगाराला इस्पितळांत ठेवावें लागलें, आणि त्याच्या कमाईवर पोसलीं जाणारीं माणसें घरीं असलीं, तर त्याच्या औषधपाण्याशिवाय आजारभत्त्याचा अर्धा भाग त्या माणसांच्या हातीं द्यावा, असें तें कलम सांगत होतें. हिशेब केला तर मजुरीच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक कांहीं पदरांत पडत नसे. मुदतहि तुटपुंजीच होती. क्षय तेरा आठवड्यांत बरा होत नाहीं. १९०३ सालीं ती मुदत सव्वीस आठवड्यांवर गेली, तरी रोग तिच्याहि पलीकडे जाई. पण रोग्याच्या पाठीमागें एक घर उभें असतें, एवढी गोष्ट कायद्यानें येथें मान्य केली, आणि आरंभ म्हणून ही गोष्ट लहान नव्हे.

पैशानें चूल पेटते, पण संसर्ग टळत नाहीं. तो टाळण्याचा मार्ग फ्रान्समध्यें जोसेफ ग्रांशे नांवाच्या बालरोगतज्ज्ञानें काढला. ग्रांशे हे पाश्चर ह्यांचे सहकारी. ६ जुलै १८८५ रोजीं पिसाळलेल्या कुत्र्यानें चावलेल्या एका मुलाला जेव्हां पहिली प्रतिबंधक लस टोचली, तेव्हां पाश्चर स्वतः डॉक्टर नसल्यामुळें सुई ग्रांशे ह्यांच्या हातांत होती. पाश्चर ह्यांनीं त्यापूर्वीं रेशमाच्या किड्यांवरील रोग हटवला होता, तो निरोगी पतंगांचीं अंडीं वेगळीं काढून. तोच न्याय ग्रांशे ह्यांनीं मुलांना लावला. घरांतून रोग काढतां येत नाहीं, तर निरोगी मूल घरांतून काढावें. १९०३ सालीं त्यांनीं एक संस्था स्थापन केली. पॅरिसमधील क्षयी आईबापांचीं तीन ते दहा वर्षांचीं निरोगी मुलें निवडून तीं खेड्यांतील शेतकरी कुटुंबांत ठेवावयाचीं, संस्थेनें त्या कुटुंबांस खर्च द्यावयाचा, आणि तेथील डॉक्टरानें मुलांवर देखरेख करावयाची, अशी ही योजना होती.

योजना पुष्कळ अंशीं सफल झाली. अनाथाश्रमाच्या रांगेंत उभें न राहतां मूल एका घरांतून दुसऱ्या घरांत जात होतें, शेताची हवा आणि दूधदुभतें त्याला मिळत होतें, आणि घरीं राहिलेल्या मुलांच्या मानानें हीं मुलें क्षयापासून पुष्कळ सुरक्षित राहिलीं. तरी तिची किंमत कोणीं दिली, हेंहि विसरतां कामा नये. मुलाचें वजन तराजूंत तोलतां येतें. चार वर्षांचें पोर परक्याच्या हातीं देऊन, आपण बरें होईपर्यंत तें आपल्याला ओळखील कीं नाहीं, ह्या विचारानें रात्र काढणाऱ्या आईचें दुःख तोलण्याचें माप कोणाजवळच नव्हतें. पुढें ह्याच पॅरिस शहरांत, १९२१ सालीं, क्षयावरील बी.सी.जी. लस माणसाला प्रथम देण्यांत आली, ती एका तान्ह्या बाळाला. त्याची आई बाळंतपणानंतर थोड्याच काळांत क्षयानें वारली होती, आणि ज्या आजीच्या ओटींत तें वाढणार होतें तिलाहि क्षय होता. आजीपासून तोडल्याशिवाय बाळ वाचवतां येईल काय, ह्या प्रश्नापाशींच त्या लसीचा माणसांतला प्रवास सुरू झाला.

मूल रोग्यापासून दूर न्यावें, हें एक उत्तर झालें. ह्याच्या अगदीं उलट उत्तर इंग्लंडमध्यें, पहिल्या महायुद्धाच्या काळांत, पेंड्रिल व्हेरियर-जोन्स नांवाच्या डॉक्टरांनीं दिलें. त्यांच्या ध्यानांत असें आलें कीं, आरोग्यधामांतून सुधारून गेलेला मनुष्य त्याच कोंदट घरांत आणि त्याच कष्टाच्या कामावर परत जातो, आणि वर्षा-दोन वर्षांत पुन्हां अंथरूण धरतो. तेव्हां त्याला परत पाठवण्याऐवजीं त्याचें घरच इकडे आणावें ! १९१८ सालीं केंब्रिजजवळ पॅपवर्थ येथें त्यांची वसाहत वसली. इस्पितळाभोंवतीं लहान लहान घरें, त्यांतून रोग्यांचीं बायकामुलें, आणि जवळच सुतारकाम, पेट्या तयार करणें, छपाई असे कारखाने. रोग्याला जितके तास झेपेल तितकेंच काम आणि केल्या कामाचा मेहनताना. बाप घरांत, पण त्याचें निजणें हवेशीर जागीं आणि थुंकीची विल्हेवाट शिस्तीची. वसाहतींत जन्मून तेथेंच वाढलेल्या मुलांना क्षय जडत नाहीं, असा दाखला तेथील डॉक्टर अभिमानानें देत असत. मनुष्याची कमाई, त्याचा स्वाभिमान आणि त्याचीं मुलेंबाळें हीं तिन्ही एकाच वेळीं राखणारी ही योजना होती. उणीव एवढीच कीं, अशा एका वसाहतींत कांहीं शें कुटुंबें मावतात. देशांत तर लाखों असतात.

त्याच इंग्लंडांत १९४३ सालीं, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमींत, क्षयी माणसांच्या कुटुंबांना सरकारी भत्ता देण्यास आरंभ झाला. क्ष-किरणांनीं हजारों लोकांची छाती तपासण्याची सोय तेव्हां नुकतीच झाली होती. पण रोग निघाला तर घर उपाशी पडेल, ह्या भीतीनें मिळवतीं माणसें तपासणीस कचरत. भत्ता मिळूं लागला तर तीं पुढें येतील, असा सरकारचा हिशेब होता, आणि तो वाजवी होता. पण ज्याचा रोग आटोक्यांत येऊन तो पुन्हां कामावर जाईल असें वाटे, त्याच्याच कुटुंबाला हा भत्ता मिळे. ज्याचें दुखणें फार पुढें गेलें असेल, त्याच्या बायकामुलांना मिळत नसे. ज्या घरावर आपत्ति अधिक, त्याचा हात रिकामा ! आधाराची योजना आंखतांना ती कोणाला मिळत नाहीं हें आधीं पाहावें, हा धडा ह्या प्रसंगानें घालून दिला आहे.

कायदा असला, संस्था असली, भत्ता असला, तरी गांजलेल्या कुटुंबाला तो शोधून देणारें माणूस लागतें. अशा माणसाची कथा अमेरिकेंतील बॉस्टन शहरांत घडली. तेथील एका मोठ्या इस्पितळांत रिचर्ड कॅबट नांवाचे डॉक्टर काम करीत. गरीब रोग्यांना विश्रांति आणि सकस अन्न लिहून देतांना, आपण न मिळणारें औषध लिहून देत आहों, ही जाणीव त्यांना बोंचत होती. १९०५ सालीं त्यांनीं गार्नेट पेल्टन ह्या परिचारिकेला इस्पितळांत वेगळ्याच कामावर नेमलें. रोग्याच्या घरीं जावें, घरची अडचण समजून घ्यावी, आणि गांवांत असेल ती मदत तिथपर्यंत पोंचवावी, असें तें काम होतें. क्षयी कुटुंबांत वावरणाऱ्या पेल्टनबाईंना सहा महिन्यांतच स्वतःला क्षय जडला आणि काम सोडावें लागलें. त्यांच्या जागीं आलेल्या आयडा कॅनन ह्यांनीं तें पुढें कित्येक वर्षें चालवून त्याला एका व्यवसायाचें रूप दिलें. आपल्या मुंबईंत १९३६ सालीं सर दोराबजी टाटा ह्यांच्या नांवें समाजकार्याचें शिक्षण देणारी संस्था निघाली, आणि १९४६ सालीं जे. जे. रुग्णालयांत ह्या कामावर देशांतील पहिली नेमणूक झाली.

१९४६ हेंच साल दुसऱ्या एका कारणानेंहि लक्षांत ठेवण्याजोगें आहे. त्या वर्षीं भोर समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानांत सुमारें २५ लाख क्षयरोगी असावे, दरवर्षीं ५ लाख माणसें ह्या रोगानें मरत असावीं, आणि त्यांच्यासाठीं खाटा अवघ्या ६ हजारांच्या आसपास आहेत, असा समितीचा अंदाज होता. एका खाटेमागें चारशेंहून अधिक रोगी ! युरोपांतील कोणतेंहि उत्तर ह्या आंकड्यांना पुरणारें नव्हतें. दिल्लीच्या क्षयरोग-केंद्रानें १९४० सालापासूनच रोग्याला घरीं ठेवून पद्धतशीर उपचार करण्याचा मार्ग धरला होता. परंतु तो नाइलाजाचा मार्ग समजला जाई. खाट मिळत नाहीं म्हणून घर, अशी त्यामागची समजूत होती.

ती समजूत मद्रासनें बदलली. स्ट्रेप्टोमायसीन १९४३ सालीं, आणि आयसोनियाझिड १९५२ सालीं, अशीं क्षयाचा जंतु मारणारीं औषधें तोंपर्यंत हातीं आलीं होतीं. १९५६ सालीं मद्रासेस क्षयावरील औषधोपचाराचें केंद्र निघालें, आणि वॉलेस फॉक्स ह्या डॉक्टरांच्या मार्गदर्शनाखालीं तेथें एक साधा पण धीट प्रयोग झाला. शहरांतील गरीब वस्त्यांतले १९३ रोगी घेण्यांत आले. चिठ्ठ्या टाकाव्या तशा रीतीनें त्यांचे दोन भाग केले. एक भाग आरोग्यधामांत, दुसरा आपापल्या घरीं. औषधें दोघांनाहि तींच, मुदत एक वर्षाची. आरोग्यधामांत विश्रांति, हवा, उत्तम जेवण. घरीं दाटी, अपुरें अन्न आणि हालचाल. १९५९ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. आरोग्यधामांत शेंकडा ९२, तर घरीं शेंकडा ८६ रोग्यांचा रोग शमला होता. फरक थोडा होता. ह्याहून मोलाची गोष्ट अशी कीं, पुढें पांच वर्षें घरच्या माणसांवर लक्ष ठेवलें असतां, घरीं उपचार घेणाऱ्यांच्या कुटुंबांत क्षय अधिक पसरल्याचें आढळलें नाहीं. औषध सुरू होतांच रोग्यापासून होणारा संसर्ग झपाट्यानें उतरतो, हें त्याचें कारण.

ह्या निकालाचा अर्थ त्या ग्रांशे ह्यांच्या योजनेंतल्या आईला सांगतां आला असता तर ! मुलाला घरापासून तोडण्याचें मूळ कारणच नाहींसें झालें. जगभर आरोग्यधामांच्या खाटा रिकाम्या होत गेल्या, आणि बाप औषध घेत घेत आपल्याच घरांत बरा होऊं लागला.

पण इतिहासाची एक खोड आहे. एक दार उघडतांना तो दुसरें लोटून घेतो. औषध पुरेसें आहे असें ठरल्यावर घराचा प्रश्न मागें पडला. औषध फुकट मिळूं लागलें, पण बुडालेली मजुरी, गाडीभाडें, वाण्याची उधारी आणि शाळेंतून काढून कामाला लावलेली थोरली मुलगी ह्यांचा हिशेब बरींच वर्षें कोणीं मांडला नाहीं. तो मांडणारें एक काम अलीकडे आपल्याच देशांत झालें. २०१९ ते २०२२ ह्या काळांत झारखंडांतील चार जिल्ह्यांत २,८०० क्षयरोगी आणि त्यांच्या घरचीं १०,३४५ माणसें ह्यांच्यावर एक अभ्यास करण्यांत आला. रोग्यांना सर्वांनाच शिधा दिला. पण एका गटांत घरच्या माणसांनाहि दरमहा दर प्रौढामागें ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ, आणि लहान मुलांना त्याच्या निम्मा शिधा दिला. २०२३ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या घरांत सर्वांना शिधा मिळाला, तेथें इतर माणसांना क्षय होण्याचें प्रमाण शेंकडा ३९ नें घटलें. रोग्यांपैकीं ज्यांचें वजन पहिल्या दोन महिन्यांत शेंकडा ५ नें वाढलें, त्यांच्यांत मृत्यूचा धोका शेंकडा ६१ नें कमी आढळला. जें काम साधण्यासाठीं ग्रांशे ह्यांना मूल उचलून खेड्यांत न्यावें लागलें, तें येथें मूल आईजवळच ठेवून तांदूळ आणि डाळ ह्यांनीं बऱ्याच अंशीं साधलें. घरची चूल पेटती ठेवणें हा उपचाराचाच एक भाग आहे, हें ह्याहून स्पष्ट कसें सांगावें ?

आज आधार मुळींच नाहीं असें नाहीं. क्षयरोग्याला उपचाराच्या काळांत पोषणासाठीं २०१८ सालापासून सरकारकडून दरमहा ५०० रुपये मिळूं लागले, आणि नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १,००० रुपये झाली. राज्य विमा योजनेखालीं येणाऱ्या, आणि तिच्या अटी पूर्ण करणाऱ्या कामगाराला क्षयासारख्या दीर्घ आजारांत मजुरीच्या शेंकडा ८० इतका भत्ता दोन वर्षांपर्यंत मिळूं शकतो. जर्मनीच्या तेरा आठवड्यांशीं हें ताडून पाहावें. आईबाप गंभीर दुखण्यानें असमर्थ झाले असतां मूल संस्थेंत न धाडतां घरच्या वातावरणांतच वाढावें, ह्यासाठीं महाराष्ट्रांत बालसंगोपन योजना आहे. सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात. हीं सारीं दारें दाखवणें हेंच त्यांचें काम. तथापि रोजंदारीवर राबणारा मजूर, घरकाम करणारी बाई, हातगाडीवाला हे विम्याच्या कक्षेबाहेरच राहतात. १९४३ सालच्या त्या धड्याची आठवण येथें ठेवली पाहिजे.

श्रोतेहो, ही कथा क्षयाची असली, तरी कर्करोग, हृदयविकार, अर्धांगवायु ह्यांनीं गांठलेल्या घराचीहि कथा हीच आहे. तिच्यांतून उचलण्याजोगी गोष्ट एकच. निदान झालें त्याच दिवशीं दुसरा प्रश्न मोठ्यानें विचारावा. डॉक्टरांना रोगाविषयीं विचारून झाल्यावर, किती महिने काम बंद राहील, मुलांना जवळ ठेवणें सुरक्षित आहे काय, आणि ह्या इस्पितळांत कुटुंबाच्या अडचणी कोण पाहतो, हें विचारण्यांत कमीपणा नाहीं. घरांतलें सोनें मोडून झाल्यावर विचारण्यापेक्षां आधीं विचारलेलें बरें.

आणि जे आपण सुदैवानें त्या घरीं केवळ भेटीस जाणारे आहों, त्यांच्याहि हातीं कांहीं आहे. आपण जातांना चार मोसंबीं नेतों, खाटेजवळ क्षणभर बसतों, आणि ‘कांहीं लागलें तर सांगा’ असें म्हणून निघतों. संकोची माणूस तें कधींच सांगत नाहीं. त्याऐवजीं पुढच्या वेळीं स्वयंपाकघराच्या दाराशीं थांबून एवढेंच विचारावें : धाकट्याला उद्यां शाळेंत कोण सोडणार आहे ? आणि उत्तर येण्यापूर्वींच सांगावें, मी येतों.